पडद्याखाली गडप झालेल्या तेराव्या नावाची बखर

श्रीकुलस्वामिनीचे चरणी मस्तक ठेवून, एक अक्षर खोटे लिहू तर हात झडो, ऐसे बोलून हकीकत मांडितो. शके एकोणीसशे अठरा, धाता नाम संवत्सरे, माघ मासी एका साखरसंस्थानी गाळप जोरात चालले होते आणि कोणाचा ऊस कधी तोडावा याची यादी एका यंत्राचे पोटी ठेविली होती. यंत्रास काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरे आणि एका वेळी नावे दिसावयाची बारा. त्यापुढे यादीनवीस सदोबा विराजमान होत, जणू गादीच मिळाली. आमचे चार एकर उसास तुरा आला होता; आठ दिवसांत तोड न होती तर पोकळ पडून चिपाड व्हावयाचे. आदले दिवशी आमचे नाव बारावे, आम्ही या डोळ्यांनी पाहिले. शाळा दोनच इयत्तांची, परंतु आपले नाव आम्हांस वाचता येते. दुसरे दिवशी संस्थानचे कारभाऱ्यांचे मेहुणे यांचे नाव सर्वांचे वर घुसविण्यात आले आणि मग सदोबा वदते झाले, "आक्का, यादीत तुमचं नाव नाही. नोंद केलीच नसंल. पुढल्या साली या."

"मग काल काय तुझ्या आजीचं नाव वाचलं मी?"

"यंत्र खोटं बोलत नाही, आक्का."

"यंत्र नसंल बोलत. तू बोलतोस!"

आमचे अंगाचा तिळपापड झाला आणि आम्ही तेथेच ठाण मांडिले आणि बोटांवर मोजून दाखविले की, काल बारा, आज बारा, वरून एक आत शिरला, मग खालचा गेला कोठे? दुरडीत वर भाकर ठेविली म्हणून तळची भाकर दुरडी गिळीत नाही. "पडलं असंल तर खालीच पडलं असंल. खालचं दाखव!"

"खाली काही नाही. असतं तर तसं लिहून आलं असतं."

मग आमची नजर कळफलकावर गेली. एका कळेवर बोटभर धूळ. "ही कशाची?"

"ठावं नाही. कधी दाबली नाही."

दाबविली. तो पडदा पालटला आणि तेरावे नाव आमचे निघाले आणि पुन्हा पुन्हा दाबविता आमचे खाली आणखी अठ्ठावीस! 'नोंद नाही' म्हणोन हाकलिलेली माणसे, बाहेर लिंबाखाली तोंडे पाडून बसलेली, ती सारी तेथे ओळीने उभी.

मग ज्यांनी हा पडदा रचिला ते मुरारपंत शहराहून पाचारिले. पंत बोलिले की, खाली आणखी आहे ही खूण शेवटचे ओळीत यावयाची, परंतु ती शोभा बिघडवी, म्हणोन आपणच मिटवून ठेविली.

"शोभा? तुझ्या लग्नात बाराच पानं मांडून बाकीचे वऱ्हाडी जन्मलेच नाहीत म्हणालास का रे?"

पंत खाली मान घालून पुसते झाले, "काय लिहू, आक्कासाहेब?"

"लिही, खाली माणसं आहेत."

एकंदर इतके घडले. ऊस सातवे दिवशी गेला, अर्धा पोकळ होऊन. मेहुण्यांचा पहिलाच गेला, तेही लिहून ठेवितो. परंतु ती ओळ पडद्याचे तळाशी अद्याप झळकते आणि ती कळ दाबल्यावाचून कोणास 'नाही' म्हणावयाची सदोबांची छाती होत नाही.