तीन नाकांचे बहुमत

मंगळवार, दिनांक ११ मार्च, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. दिवाणखान्यात सुगंधयंत्रे चार, खुर्च्या तीन, नाके दोन. तिसरे नाक ऑफिसातून निघाले होते आणि रस्त्यात सिग्नलला अडकले होते.

"काळजीचे काहीएक कारण नाही!" बायकोला दारापर्यंत सोडताना गेजसाहेब म्हणाले. "चाळीस वर्षे मी कारखान्याचा बॉयलर सांभाळला. माझ्या परवानगीशिवाय त्याने एक फुंकरसुद्धा मारली नाही! चार बाटल्या लव्हेंडर माझ्यापुढे काय डोके वर काढणार?"

"डोकं काढू दे नाहीतर पाय काढू दे," बाईसाहेब चपला घालत म्हणाल्या. "मी पाच वाजता व्हायोलिनच्या बाईंना घेऊन येतेय. त्यांना खोली पसंत पडली तर वर्ग आपल्याकडे भरणार. आणि त्यांना तुमच्या त्या टेबलाचा वास आला ना, तर उद्या भंगारवाला आणि ते टेबल हातात हात घालून जिना उतरतील. सांगून ठेवते!"

धमकी पोकळ नव्हती. बाईसाहेबांना लहानपणापासून व्हायोलिन शिकायचे होते. आधी वेळ नव्हता, मग मुलगा लहान होता, मग बाईच सापडेनात. आता सापडल्या होत्या, आणि त्यांच्या वर्गाची जुनी जागा नेमकी गेल्या महिन्यात सुटली होती. असा योग पुन्हा कुठून येणार!

आणि टेबल? तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्याबरोबर गेजसाहेबांनी स्वतःच्या हातांनी जोडलेले ते टेबल दिवाणखान्याच्या खिडकीशी होते, कारण उजेड तिथेच चांगला येई. यंत्राचे तेल, जळकी वायर आणि सोल्डरिंगची राळ यांचा वास त्याच्या लाकडात असा मुरला होता, की पाहुणे दारातूनच विचारीत, "काय, पंखा दुरुस्त करताय वाटतं?" टेबल गेले असते तर गेजसाहेबांना निवृत्तीनंतर बसायला जगात दुसरी जागा उरली नसती. सोफा होता, पण सोफ्यावर बसून माणूस काय उघडणार?

म्हणून ही यंत्रे आली. भिंतीच्या प्लगमध्ये बसणारी, वीतभराचीही नसलेली. बाटलीत बुडालेली वात, वातीच्या टोकाभोवती तापणारे कडे, आणि बाजूला एक ते पाच आकड्यांची चकती. चकती फिरवली की वात कड्याजवळ सरकते आणि वास वाढतो. गेजसाहेबांनी एक यंत्र उघडून पाहिले मात्र, त्यांना ते बनवणाऱ्याची कीव आली.

"अहो, यात मोजमाप कुठे आहे? खोलीत वास किती झाला हे या डबीला कळणार कसे? हे म्हणजे डोळे बांधून आमटीत मीठ घालणे झाले!"

चारही यंत्रांना प्लगऐवजी लांब तारा लावून त्या त्यांनी बाल्कनीत नेल्या आणि एका जुन्या पंख्याच्या रेग्युलेटरला जोडल्या. आता प्रश्न उरला मोजण्याचा. वास मोजणारे उपकरण दुकानात मिळेना, तेव्हा घरात उपलब्ध असलेलेच वापरायचे ठरले. नाक! पण एक नाक नव्हे. कारखान्यात मोक्याच्या जागी एकच मापक कधी ठेवत नाहीत. तीन ठेवतात, आणि दोघांचे जे मत पडेल ते खरे मानतात.

पहिले नाक मेहुण्यांचे. मेहुण्यांनी आयुष्यभर चहा चाखण्याची नोकरी केली होती. "भाऊजी, बंद डब्यातला चहा डोंगराच्या कुठल्या उतारावरचा ते माझं नाक सांगतं!"

"सांगते ते ठीक. शून्य दाखवते का?" गेजसाहेबांनी विचारले, आणि त्यांना आधी साधे पाणी हुंगायला दिले, मग व्हिनेगर, मग स्वतःचा मोजा. मोज्याबद्दल मेहुण्यांनी जे मत दिले ते छापण्याजोगे नाही. पण उपकरण चालू असल्याची खात्री पटली.

दुसरे नाक शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांचे. पार्सल न उघडता आत काय आहे ते ओळखण्याबद्दल ते खात्यात प्रसिद्ध होते आणि थोडे बदनामही होते. तिसरे नाक सूनबाईंचे.

प्रत्येक खुर्चीच्या हाताला दोन बटणे लावली होती. हिरवे दाबले की बाल्कनीत हिरवा दिवा लागे, म्हणजे वास वाढवा. तांबडे दाबले की तांबडा, म्हणजे कमी करा. स्वतः गेजसाहेब बाल्कनीत, काचेचे दार घट्ट लावून बसले, आणि दोरीवरचा कपड्यांचा एक चिमटा काढून त्यांनी नाकाला लावला!

"हे कशाला हो?" पोस्टमास्तरांनी काचेतून खुणेने विचारले.

"बाझे बत बध्ये येऊ दये यासाठी!" गेजसाहेब चिमट्यातून ओरडले. आयुष्यभर त्यांनी कामगारांना एकच गोष्ट शिकवली होती. एखादा धावत येई, "साहेब, काहीतरी जळतंय बघा!" की साहेब बोट उगारत, "वासावर जाऊ नकोस, गेजवर जा, मापकाचा काटा बघ!" गेजसाहेब हे नावही त्यातूनच पडले होते.

रेग्युलेटर एकवर. दोन हिरवे दिवे. गेजसाहेबांनी दोनवर नेला. दिवे विझले. आत मेहुणे डोळे मिटून मान डोलवीत होते. वा! झाले की काम!

पंधरा मिनिटांनी हिरवा दिवा लागला. मग दुसरा.

गेजसाहेबांनी दार किलकिले केले. "काय झाले?"

"भाऊजी, वास गेला!"

"अगदीच गेला," पोस्टमास्तर म्हणाले. "मघाशी होता. पत्ता न ठेवता गेला."

वास कुठेही गेला नव्हता. तो खोलीत वाढत होता. पण नाक हे इंद्रिय फार सोशिक. एकच पाहुणा समोर बसून राहिला की दहा मिनिटांत त्याच्याकडे बघेनासे होते. हे गेजसाहेबांच्या अभ्यासक्रमात नव्हते. त्यांनी रेग्युलेटर तीनवर नेला.

पावणेचारला कुलूप उघडून सूनबाई आत आल्या आणि पर्स तोंडावर धरून भिंतीला टेकल्या.

"बाबा! साबणाचा कारखाना फुटलाय का इथे?"

"खुर्ची क्रबांक तीद, सूदबाई! आपले बत बटणादे द्या!"

सूनबाईंनी तांबडे बटण असे दाबले की खुर्ची करकरली. बाल्कनीत एक तांबडा दिवा लागला. आणि दोन हिरवे.

"दोदास एक!" गेजसाहेबांनी निकाल दिला. "तुबचे उपकरण सदोष आहे."

"अहो बाबा, माझे डोळे चुरचुरताहेत!"

"डोळ्यांचे बत घेतलेले दाही!" आणि रेग्युलेटर चारवर गेला.

"सूनबाई, तू ऑफिसात त्या एसीत बसतेस ना, त्यानं नाक बिघडतं," मेहुण्यांनी समजूत घातली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होते. "माझ्याकडे बघ. मला काही होतंय का?"

सूनबाई दुपट्ट्यात तोंड खुपसून तांबडे बटण दाबीत राहिल्या. पाच मिनिटांनी त्यांनी दुपट्टा जरा खाली केला. दहा मिनिटांनी हवा हुंगून पाहिली. बाराव्या मिनिटाला म्हणाल्या, "आता तसं काही जाणवत नाही हो. मीच उगाच ओरडले." आणि शहाण्यासारखे हिरवे बटण दाबले.

तीन हिरवे दिवे! एकमत! गेजसाहेबांना असा आनंद कारखान्यातही क्वचित झाला होता. रेग्युलेटर पाचवर गेला. चारही यंत्रे कानशिले तापल्यासारखी तापली. वीस मिनिटे गेली. दिवे तरीही हिरवेच.

"यंत्रणेची क्षबता अपुरी पडते आहे," गेजसाहेब स्वतःशी म्हणाले. घड्याळात साडेचार झाले होते. पाच वाजता व्हायोलिनच्या बाई येणार, आणि खोलीत वासाचा मागमूस नाही! म्हणजे टेबलाचा वास उघडाच पडला की! चिमटा सांभाळीत ते आत धावले, न्हाणीघरातून सर्दीत वाफ घ्यायचे विजेचे भांडे आणले, त्यात राखीव तीन बाटल्या लव्हेंडर रिकाम्या केल्या आणि ते खोलीच्या मधोमध चालू केले. त्यातून जांभळट ढग निघाला आणि छताला जाऊन पसरला.

"आता?"

"आता कुठे जरा कळतंय," मेहुणे म्हणाले. "पण ताई दार उघडेपर्यंत टिकेल का?"

इतक्यात इंटरकॉम वाजला. खालचा वॉचमन होता.

"साहेब, चौथ्या मजल्यावरचे विचारताहेत, तुमच्याकडे काही सांडलंय का? त्यांच्या चहाला साबणाचा वास येतोय."

"चौथा बजला बोजबापाच्या कक्षेत येत दाही!" गेजसाहेब चिमट्यातून म्हणाले.

"आणि जिन्यातली मांजरं कुठेतरी निघून गेली, साहेब. पिल्लांसकट."

"बांजरांचा इथे काय संबंध?"

"तसं नाही. साहेब, तुम्हाला फार सर्दी झालीय. वाफ घ्या वाफ!"

"वाफच लावली आहे!" असे ओरडून गेजसाहेबांनी इंटरकॉम ठेवला.

बरोबर पाच वाजता बाईसाहेबांनी दार उघडले. त्यांच्या मागे व्हायोलिनच्या बाई, उंच, शिस्तीच्या, हातात वाद्याची काळी पेटी. दारातून लव्हेंडर असा बाहेर आला, जणू इतका वेळ तोच आत कोंडला होता आणि आता सुटका झाल्याबद्दल दोघींच्या गळ्यात पडत होता. बाईसाहेब मागे झाल्या त्या थेट शेजारच्या दारावर आदळल्या.

"ये ताई, ये!" धुक्यातून मेहुण्यांचा आवाज आला. "भाऊजींना नावं ठेवू नकोस हं. बिचाऱ्यांनी खूप केलं, पण वास काही येतच नाही!"

"कोऱ्या पाकिटाइतकासुद्धा नाही," पोस्टमास्तरांनी दुजोरा दिला. तिन्ही चेहरे लाल, डोळे वाहते, आणि मुद्रा पूर्ण समाधानाच्या.

बाल्कनीचे दार उघडून गेजसाहेब अवतरले. नाकावर चिमटा, हातात रेग्युलेटर. "तिद्ही उपकरणे एकबत आहेत!"

"तो चिमटा काढा आधी!" बाईसाहेब किंचाळल्या.

त्यांनी चिमटा काढला. एक श्वास घेतला. मग हळूच, बॉयलरची चाळीस वर्षे पाठीशी असलेला तो माणूस जमिनीवर बसला.

"अरे बाप रे," एवढेच ते म्हणाले.

तोवर व्हायोलिनच्या बाई रुमालात शिंकत, खोकत, वाट मिळेल तिकडे निघाल्या होत्या. खोली ओलांडून त्यांनी खिडकी गाठली, ती उघडली, डोके बाहेर काढले, आणि तोल सांभाळायला हात टाकला तो नेमका टेबलावर. मग डोके आत आले. त्यांनी टेबलाकडे पाहिले. वाकल्या. आणि टेबलाला चक्क नाक लावले!

बाईसाहेबांनी डोळे मिटले. संपले! वर्गही गेला आणि अब्रूही गेली!

"हा वास कसला?" व्हायोलिनच्या बाईंनी विचारले.

गेजसाहेब जमिनीवरूनच, आरोपीसारखे म्हणाले, "राळेचा. सोल्डरिंगला लागते. तोच झाकण्यासाठी हे सगळे..."

"झाकायला?" बाईंनी पेटी उघडली आणि एका फडक्यातून पिवळसर, पारदर्शक वडी काढली. "अहो, ही बघा! व्हायोलिनच्या गजाला रोज घासावी लागते, नाहीतर तारेतून आवाज निघत नाही. ही राळच! आमच्या जुन्या जागेत भिंतींना हाच वास होता. मी महिनाभर खोल्या बघत फिरतेय, एकही वर्गासारखी वाटली नाही!" त्या पुन्हा शिंकल्या. "वर्ग इथेच भरेल. पण हे टेबल इथून हलवायचं नाही. आणि ती चार भुतं आजच्या आज बाहेर!"

बाईसाहेबांनी भावाकडे पाहिले, टेबलाकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले. एकाच वाक्यात त्यांचे व्हायोलिन मिळाले होते आणि त्यांची धमकी गेली होती. त्यांनी मुकाट्याने चारही यंत्रांकडे बोट दाखवले.

"तारा सोडवतो लगेच!" गेजसाहेब उत्साहाने उठले. चार तारा सोडवायला त्यांना बारा मिनिटे लागली. बाराव्या मिनिटाला त्यांनी मान वर केली. "पण खरे सांगू? आता तसा काही फारसा वास नाही."

मग मात्र बाईसाहेबांनी रेग्युलेटर हातात घेतला, आणि तो कशासाठी हे कळताच गेजसाहेब बाल्कनीत पळाले.

खोली स्वच्छ झाली हे ठरवायचे कोणी? घरच्या सगळ्या नाकांनी दुसऱ्याच दिवशी शून्य वास जाहीर केला. ती नाके बाईसाहेबांनी बडतर्फ केली. शेवटी रोज दाराशी येणाऱ्या कुरिअरवाल्याला विचारायचे ठरले. तो बाहेरचा, ताज्या हवेतला. पहिल्या दिवशी त्याने पाकीट लांबूनच आत भिरकावले. चौथ्या दिवशी तो उंबरठ्यापर्यंत आला. आणि नवव्या दिवशी आत डोकावून म्हणाला, "काय काका, पंखा दुरुस्त करताय वाटतं?"

गेजसाहेबांनी त्याला मिठीच मारली!

त्याच संध्याकाळी वर्ग सुरू झाला. व्हायोलिने सात, त्यांतली सातही नवशिकी, आणि पुढच्या रांगेत बाईसाहेब. टेबल हलवायचे नाही अशी अटच असल्यामुळे गेजसाहेब टेबलाशी बसलेले. पहिल्यांदा सात गज सात तारांवरून एकदम फिरले तेव्हा त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. बॉयलरची शिटीसुद्धा अशी कधी वाजली नव्हती! मांजरे नुकती परतली होती. ती पुन्हा गेली.

पण गेजसाहेब घाबरले नाहीत. आता त्यांना विज्ञान कळले होते. इंद्रिये सोशिक असतात. थोडा वेळ जाऊ दिला की काही जाणवत नाही. त्यांनी घड्याळ समोर ठेवले, शांतपणे डोळे मिटले, आणि वाट पाहू लागले.

नाकाला सवय व्हायला लागला होता बारा मिनिटांचा वेळ. कानाला आजपर्यंत दिलेला वेळ एकोणीस दिवस. झालेली सवय, शून्य.