आधीच्या पत्राकडे लक्ष देऊ नये

त्या पत्राला उत्तर पाठवणं सोडलं तर प्रूफवाल्यांनी त्याचं बाकी सगळं केलं होतं. तीनदा वाचलं होतं, लाल पेन्सिलीनं त्यातल्या अकरा चुका सुधारल्या होत्या आणि घडी घालून ते शब्दकोशात ठेवलं होतं. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस. कागद समोर आला की हात आपोआप चाले. ‘दुरूस्त’ हा शब्द पत्रात चार वेळा आला होता आणि चारही वेळा त्यातला ‘रू’ दीर्घ होता. प्रूफवाल्यांनी चारही ठिकाणी तो ऱ्हस्व केला.

पत्र लाकूडतोड्यांच्या मुकादमाचं होतं. टोळीच्या पाच यांत्रिक करवती निकामी झाल्या होत्या. एकीवर झाड पडलं होतं, एकीवरून ट्रॅक्टर गेला होता, एक ओढ्यात सापडली होती आणि उरलेल्या दोघींचं काय झालं असं विचारलं की टोळीतली माणसं एकमेकांकडे बघत होती. दुकानदारानं सरळ नव्या घ्यायला सांगितलं होतं. पण दुकानदारानं हात टेकलेली करवत पुन्हा उभी करणारं एक माणूस मुकादमाला ठाऊक होतं. ते माणूस म्हणजे प्रूफवाल्यांची बायको.

तिला सगळे वहिनीच म्हणत. वडिलांच्या वर्कशॉपात लहानपण गेलेलं. करवत हातात घेतली की ती आधी चालू करायची दोरी हळूच ओढायची, मान तिरकी करून ऐकायची आणि म्हणायची, पिस्टनला ओरखडा गेलाय. उघडून बघावं तर ओरखडा असायचाच. प्रूफवाल्यांना याचं मनातून फार अप्रूप होतं. आपल्याला चूक दिसायला निदान पान उघडावं लागतं, हिला ती मिटल्या पुस्तकात दिसते, असं त्यांना वाटे. हे तिला सांगावं, असंही गेली तीस वर्षं वाटत होतं.

पत्र आलं त्या दिवशी मात्र वहिनींचं मनगट सुजलं होतं. त्याच्यावर पट्टी गुंडाळत त्या म्हणाल्या, “नाही म्हणून कळवा त्यांना. आता बास झालं.”

प्रूफवाले लिहायला बसले. ‘खेद होतो’ लिहिलं, तर कुणी गेल्यासारखं वाटलं. ‘दिलगीर आहोत’ सरकारी वाटलं. ‘जमणार नाही’ फारच उद्धट. सहाव्या कच्च्या पत्रात त्यांनी इतकी काटछाट केली की ‘सप्रेम नमस्कार’ एवढंच शिल्लक राहिलं, आणि त्यातल्या ‘सप्रेम’बद्दलही त्यांना खात्री वाटेना. शिवाय मनातून त्यांना तो नकार द्यायचाच नव्हता. सहाही कागद शब्दकोशात गेले.

तीन आठवड्यांनी माल पोचवणारी गाडी दारात थांबली आणि दोन खोकी उतरली.

“तुम्ही लिहिलं होतं ना?” वहिनींनी विचारलं.

“लिहिलं होतं,” प्रूफवाले म्हणाले. लिहिलं खरंच होतं.

“बघा. नाही म्हटलं तरी पाठवतात. अडली असतील बिचारी,” असं म्हणेपर्यंत त्यांनी खोक्याची दोरी कापलीसुद्धा. पुढच्या आठवड्यात उरलेल्या तीन आल्या, तेव्हा वहिनींनी लिहिण्याबद्दल विचारलंही नाही. प्रूफवाल्यांना वाटलं, हा आपल्यावरचा विश्वास. त्यांना जेवण गोड लागेना.

तसं जेवायला जागाही उरली नव्हती. जेवणाच्या टेबलावर पाच करवती उघड्या पडल्या होत्या, प्रूफवाले ताट मांडीवर घेऊन जेवत. स्क्रू कपांत होते. एकदा चहाच्या तळाशी स्प्रिंग निघाली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, “बरं झालं गिळली नाहीत, कालपासून शोधत होते.” झाडाखालच्या करवतीचं इंजिन शाबूत होतं, ट्रॅक्टरखालचीचं हँडल. ओढ्यातलीचा कार्ब्युरेटर वहिनींनी सुट्टा करून, धुऊन, फुंकून जिवंत केला. पाचांतून तीन धडधाकट उभ्या राहत होत्या. प्रूफवाले कोपऱ्यात पुस्तक उघडून बसत आणि पान न उलटता तासन्‌तास बघत.

पण प्रत्येक करवत तपासायला दोरी दहादा ओढावी लागे, आणि दर ओढीला वहिनी मनगट दाबून धरत. ते बघितलं की शब्दकोशातले सहा कागद प्रूफवाल्यांना टोचत.

शेवटी मुकादम करवती न्यायला येणार तो दिवस आला. वहिनी मनगट दाखवायला दवाखान्यात गेल्या होत्या आणि तिसऱ्या करवतीची फक्त साखळी चढवायची राहिली होती. तेवढा तरी भार हलका करू, म्हणून प्रूफवाल्यांनी साखळी घेतली. बत्तीसच्या बत्तीस दात जुन्या ब्रशनं घासले, एकेक भिंगाखाली धरून पाहिला. एकही दात तुटका नव्हता. साखळी बसवून त्यांनी हात धुतले, तोच वहिनी आणि मुकादम एकदमच फाटकातून आत आले.

मुकादमानं नेमकी तीच करवत उचलली. पहिल्याच ओढीत ती सुरू झाली. असा आवाज नव्या यंत्रालाही नसतो, असं म्हणत त्यानं ती अंगणातल्या ओंडक्यावर टेकवली. धूर निघाला. जळकट वास सुटला. ओंडका काही कापला जाईना, नुसती त्याला छान तपकिरी झिलई चढली.

मुकादमानं करवत बंद केली आणि अवघडून म्हणाला, “वय होतंच, वहिनी. कुणाच्याही हातून चुकतं.”

तीस वर्षांत वहिनींच्या कामाबद्दल असं कुणी बोललं नव्हतं.

“तिचं काही चुकलेलं नाही,” प्रूफवाले म्हणाले. “साखळी मी चढवली.”

वहिनींनी वाकून पाहिलं. “उलटी आहे. सगळे दात मागे तोंड करून बसलेत. जन्मभर चुका काढल्यात, आणि हे दिसलं नाही?”

“दात तपासले. तोंडं नाही बघितली.” कबुलीची वाट एकदा मोकळी झाल्यावर प्रूफवाल्यांना थांबता येईना. “आणि ते नकाराचं पत्रही मी टाकलं नव्हतं. सहा वेळा लिहिलं, पण टाकलं एकदाही नाही. म्हणून या करवती आल्या. तुझं मनगट माझ्यामुळे दुखतंय.”

मुकादम हे ऐकून खालीच बसला. “म्हणजे आधीचं पत्र, ते हे?”

“कुठलं आधीचं?” प्रूफवाल्यांनी विचारलं.

“अहो, वहिनींनीच कळवलंय,” असं म्हणून, वहिनी नको नको करेपर्यंत मुकादमानं खिशातून त्यांचं कार्ड काढलं आणि मोठ्यानं वाचलं. “आमच्याकडून आलेल्या आधीच्या पत्राकडे लक्ष देऊ नये. ते ह्यांनी लिहिलं आहे. मनगट बरं आहे. करवती पाठवाव्या.”

वहिनी एका घट्टच असलेल्या नटाला पान्यानं आणखी घट्ट करू लागल्या.

“नाही म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी करमेना,” त्या नटाकडे बघत म्हणाल्या. “तुम्ही इतकं बसून लिहिलेलं. फाडा कसं म्हणू?”

मुकादमाची तक्रार वेगळीच होती. ते आधीचं पत्र मागायला तो सहा वेळा पोस्टात गेला होता, पोस्टमास्तरांना नाही नाही ते बोलला होता, आणि आता दोघांची बोलाचाल बंद होती. प्रूफवाल्यांनी राहिलेलं उत्तर तिथल्या तिथे लिहून हातात द्यायची तयारी दाखवली, तर तो दोन पावलं मागे सरला. “हातात नको, भाऊ. पोस्टानंच टाका. त्यांच्या हातून मिळू दे, म्हणजे माफी मागता येईल.”

वहिनींनी साखळी सुलट केली. ओंडक्याचे दोन तुकडे मुकादमाच्या पायाशी पडले. तिन्ही करवती घेऊन तो गेला.

त्याच संध्याकाळी प्रूफवाल्यांनी मुकादमाचं पत्र समोर उघडून ठेवलं आणि एकटाकी उत्तर लिहिलं: महिन्याला दोन करवती पाठवाव्या, आम्ही दुरूस्ती करून देऊ. या वेळी कार्ड नको म्हणून पाकीट आणलं होतं. वहिनींनी वाचून विचारलं, “आम्ही म्हणजे कोण?”

“दोरी मी ओढत जाईन,” प्रूफवाले म्हणाले. “आणि तुला यंत्र नुसतं ऐकून कळतं, ते मला... म्हणजे मिटल्या पुस्तकातली चूक...” पुढचं त्यांना जमलं नाही.

वहिनींनी पत्र पाकिटात घातलं आणि स्वतःच चिकटवलं. “जा, टाकून या. परत आणू नका.”

गल्लीच्या तोंडाशी पेटीत पाकीट अर्धं सरकवल्यावर प्रूफवाल्यांचा हात थबकला. मुकादमाचं पत्र बघत लिहिलं होतं ना. त्यातला तो शब्द. आपण ‘दुरूस्ती’ लिहिलं. ‘रू’ दीर्घ.

त्यांनी खिशातली लाल पेन्सिल चाचपली, घट्ट चिकटवलेल्या पाकिटाकडे पाहिलं, आणि बोटं सोडली.