माहेरचा मिक्सर

जगन्नाथ शुगर लँडहून रोज गाडी हाकत ह्यूस्टनच्या ऑफिसात जायचा आणि शहरांना वीज पुरवणाऱ्या सबस्टेशनांचे आराखडे काढायचा. त्यामुळे दीक्षाने आईने दिलेला मिक्सर साड्यांत गुंडाळून नागपूरहून आणला, तेव्हा तो अमेरिकेत चालेल का, हे कोणी विचारलंच नाही. घरात विजेचा माणूस होता.

चौदा एप्रिलच्या जयंतीच्या जेवणात बेसनाच्या पाटोडीच्या रश्शाचा मान यंदा पहिल्यांदाच दीक्षाकडे आला होता. जयंती भरवणाऱ्या मंडळाचे रामभाऊकाका कुणाच्या स्वयंपाकाचं कौतुक करत नसत. फार तर दुसऱ्यांदा वाढून घेत, आणि तेवढ्यावर माणसं वर्षभर मिरवत. दीक्षाला ते दुसरं वाढणं हवं होतं.

आठवडाभर आधी तिने रंगीत तालीम केली. भाजलेलं खोबरं, कांदा, मिरच्या भांड्यात घातल्या. जगन्नाथने प्लगला अ‍ॅडॅप्टर जोडून बटण फिरवलं. मिक्सर कण्हला.

"हा रडतोय का?" दीक्षाने विचारलं.

"इथे एकशे वीस व्होल्ट असतात. याला दोनशे तीस लागतात. अर्ध्या पोटी काम करतोय बिचारा."

"मग पोटभर दे ना त्याला. तुझं कामच आहे ते."

"मॉम, वुई हॅव अ ब्लेंडर," मुलगी रुही फोनमधून मान वर न काढता म्हणाली.

"त्यात स्मूदी होते," दीक्षा म्हणाली आणि विषय संपला.

जगन्नाथने व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर मागवला. तो इतका जड निघाला की ओट्यावर ठेवताना त्याची पाठ धरली. बटण दाबलं आणि किचनमध्ये अंधार झाला. फ्रिज गेला, वायफाय गेलं. वायफाय गेल्यामुळे रुहीही खाली आली.

"सुरुवातीला ट्रान्सफॉर्मर जरा जास्त करंट ओढतो," जगन्नाथने सांगितलं. "ब्रेकर ट्रिप झालाय. नॉर्मल आहे."

"ऑफिसात पण असंच होतं का?" दीक्षाने साधेपणाने विचारलं. हे त्याच्या फार जिव्हारी लागलं.

जयंतीच्या दिवशी सकाळी तो इरेला पेटला. कपड्यांच्या ड्रायरचा सॉकेट दोनशे चाळीस व्होल्टचा असतो. त्याने ड्रायर भिंतीपासून ओढला, जाडजूड वायर जोडली आणि मिक्सर लाँड्री रूममध्ये वॉशिंग मशीनवर बसवला.

"झाकण धर," दीक्षा म्हणाली.

"याला काय धरायचंय?" जगन्नाथ म्हणाला. त्याला कण्हणारा मिक्सरच माहीत होता.

मिक्सर आठवडाभराचा उपाशी असल्यासारखा सुटला. झाकण छताला लागलं आणि वाटण जयंतीसाठी इस्त्री करून टांगलेल्या पांढऱ्या कपड्यांवर बसलं. जगन्नाथने प्लग उपटला तेव्हा दीक्षाची साडी लाल होती आणि त्याचा कुर्ता तर ओळखू येत नव्हता. दीक्षा रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने मिक्सर उचलला, किचनमध्ये नेला, अ‍ॅडॅप्टर लावला आणि उरलेलं खोबरं त्या कण्हण्याच्या स्वाधीन केलं.

मंडळाच्या हॉलमध्ये जगन्नाथ ऑफिसच्या निळ्या शर्टात भिंतीला टेकून उभा राहिला. रामभाऊकाकांनी रस्सा दुसऱ्यांदा घेतला. मग तिसऱ्यांदा घेतला.

"दीक्षा, इथे पाटा-वरवंटा कुठून आणलास, बेटा?"

"पाटा नाही काका, मिक्सरच. जगनने त्याला सेटिंग करून दिलंय."

हे प्रेमाने होतं की साडीचा सूड होता, ते जगन्नाथला कळलं नाही. तोवर माणसं जमा झाली होती.

"आमच्या मिक्सरला पण करून दे ना यार," मंडळातला अनुप म्हणाला.

"अरे, मी काहीच केलेलं नाही. व्होल्टेज कमी पडतं म्हणून पाट्यावरच्यासारखं जाडसर वाटलं जातं. नुसता अ‍ॅडॅप्टर लाव, झालं."

कुणाचाच विश्वास बसला नाही. रामभाऊकाकांनी ताट खाली ठेवलं.

"शिकलेलं समाजाला परत द्यावं, जगन्नाथ," ते हळूच म्हणाले. "निदान आजच्या दिवशी तरी."

त्या उन्हाळ्यात घरोघरी नागपूरहून मिक्सर आले. आता शनिवार आला की जगन्नाथ कुणाकडे तरी जातो. मिक्सर उलटा करतो, खालचे स्क्रू काढतो, टॉर्च लावून आत बराच वेळ बघतो आणि स्क्रू परत लावतो. "आता लावा," म्हणतो. मिक्सर कण्हत फिरायला लागतो, मंडळी समाधानाने एकमेकांकडे बघतात आणि त्याला चहा मिळतो.

अनुपचं मात्र अजून म्हणणं आहे की, त्याच्या मिक्सरचं सेटिंग जगन्नाथने मनापासून केलेलं नाही.