सासूबाईंच्या गिटारची नवी मान

ज्याला कपाटाची दारं सरळ बसवता येतात, त्याला जगात काहीही बसवता येतं, असं माझं ठाम मत होतं. होतं!

मी फर्निचरच्या दुकानात सेल्समन आहे. आमच्याकडचा माल खोक्यात सुटासुटा मिळतो आणि गिऱ्हाइकाने तो घरी नेऊन आपला आपण जोडायचा असतो. "काही नाही हो, लहान मूलसुद्धा जोडेल!" हे वाक्य मी दिवसभर इतक्यांदा म्हणतो की आता माझाही त्यावर विश्वास बसला आहे. त्यामुळे सासूबाईंच्या इलेक्ट्रिक गिटारची मान बदलायची आहे असं कळलं, तेव्हा मी लगेच बाह्या सरसावल्या.

हो, सासूबाईंच्याच गिटारची! नोकरीतून निवृत्त झाल्यावर कोणी स्वेटर विणतं, कोणी झाडं लावतं. आमच्या सासूबाईंनी लालभडक इलेक्ट्रिक गिटार आणली आणि शेजाऱ्यांनी खिडक्या बंद केल्या. पण बाई चिकाटीच्या! वाजवून वाजवून बोटांना घट्टे पाडले आणि शेजाऱ्यांनी खिडक्या पुन्हा उघडल्या.

गेल्या वर्षी ज्येष्ठांच्या क्लबच्या संमेलनात त्यांनी पहिल्यांदा स्टेजवर वाजवलं. सगळं झकास चाललं होतं. शेवटी एक उंच, लांबलचक सूर होता. त्यावर बोट ठेवलं आणि गिटार केकाटली, 'झर्रर्र!' पुढच्या रांगेतले माउथ ऑर्गनवाले काका मोठ्यांदा म्हणाले, "माशी शिरली वाटतं!" झालं, सगळं सभागृह खो खो हसलं. सासूबाई तुकडा अर्धवट सोडून खाली उतरल्या आणि आठवडाभर कोणाशी धड बोलल्या नाहीत.

दोष त्यांच्या बोटांचा नव्हताच. गिटारची मान, म्हणजे तो लांब दांडा ज्यावर डाव्या हाताची बोटं नाचतात, ती वाकली होती. नवी मान मागवली, तर ती आली नेमकी यंदाच्या संमेलनाच्या सकाळी! आणि दुरुस्तीवाला गेला होता बहिणीकडे.

"यंदाही झर्र झालं ना," सासूबाई गिटारवरून हात फिरवत म्हणाल्या, "तर मी ही देऊन टाकणार कोणालातरी. पुन्हा हात लावणार नाही."

"आई, मी आहे ना!"

"तीच तर काळजी आहे, जावईबापू."

आता मला सांगा, लग्नाला इतकी वर्षं झाली, या बाईंनी माझं एकदा म्हणून कौतुक केलेलं नाही! मी त्यांच्या न्हाणीघरात बसवलेलं शेल्फ धाडकन पडलं, तेव्हा म्हणाल्या, "असू दे, वस्तू खाली असल्या की पटकन सापडतात." आज मात्र मी ठरवलं, या तोंडून 'वा!' काढायचंच.

"अहो, चार स्क्रू तर आहेत!" मी म्हणालो. "चार काढायचे, जुनी मान बाहेर, नवी आत, चार लावायचे. तुमचा चहा निवायच्या आत होतंय!"

दुसरा इलाजही नव्हता. माइक आणि स्पीकर लावून घ्यायला त्या क्लबवर गेल्या. जाताना दारातून दोनदा मागे वळून बघितलं. माझ्याकडे नव्हे, गिटारकडे.

मी त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर चादर पसरली आणि कामाला लागलो. आतल्या खोलीत बायको संध्याकाळच्या कपड्यांना इस्त्री करत होती. सासरे खुर्चीत बसून बूट पॉलिश करत होते. आमच्या सासऱ्यांना एकच व्यसन आहे, वस्तू चमकवणं. समोर आलं ते घासून काढतात. त्यांच्या दाराच्या कडीत बघून दाढी करता येते!

सुरुवात झोकात झाली. तारा सोडल्या, चार स्क्रू काढले, जुनी मान अलगद सुटली. मानेच्या टोकाला तारा पिळायच्या खुंट्या असतात, त्याही काढून ठेवल्या. त्या नव्या मानेला लावायच्या होत्या. एवढ्यात एक बारका स्क्रू टेबलावरून घरंगळला आणि थेट फ्रीजखाली गेला!

मी फ्रीजखाली पालथा पडलो. स्क्रू सोडून बाकी सगळं मिळालं. हरवलेलं झाकण, वाळका मटार, ज्यांच्यावरून बायको रुसली होती ती कानातली. स्क्रू सापडायला चांगलाच वेळ लागला. आणि या वेळात सासऱ्यांचे बूट संपले! हात शिवशिवायला लागले. समोर जुनी मान, मळकट, काळवंडलेली. "जाताना तरी बिचारी नीटनेटकी जाऊ दे," असं म्हणून त्यांनी ती घासायला घेतली. लाकडाला तेल चोळलं, धातूच्या पट्ट्या एकेक करून लख्ख केल्या आणि निमूटपणे टेबलावर परत ठेवली.

मी केसात जळमटं घेऊन उठलो, तर टेबलावर दोन माना. एक आरशासारखी झगझगीत. दुसरी फिकट, कोरडी, आजारातून उठल्यासारखी. फर्निचरवाल्या माणसाला हे कोणाला विचारावं लागतं का? चमकते ती नवी! मी झगझगीत मान उचलली, खुंट्या लावल्या आणि ती गिटारमध्ये बसवली.

बरं, नुसती बसवून थांबलो असतो तर! पण माझा स्क्रूवर विश्वास नाही. स्क्रू आज ना उद्या ढिला होतो. म्हणून खाचेत सुताराचा गोंद ओतला, चांगला सढळ हाताने, आणि वरून चारही स्क्रू करकचून पिळले. मग नव्या तारा लावल्या. त्याही मीच आणल्या होत्या, वाद्यांच्या दुकानातल्या सगळ्यात जाड. पातळ वस्तू मी विकत नाही आणि घेतही नाही.

"झालं!" मी ओरडलो. "या, बघा!"

बायको हातात इस्त्री घेऊनच बाहेर आली. तिने टेबलावरची फिकट मान उचलली.

"अरे, ही नवी मान लावायची राहिली की."

"ती जुनी आहे, वेडाबाई."

"जुनी? मग हिच्या बुडाला दुकानाचं स्टिकर कसं?"

मी स्टिकर बघितलं. मग गिटार बघितली. मग सासऱ्यांकडे बघितलं.

"मी चमकवली ती जुनी," सासरे अभिमानाने म्हणाले. "कशी झाली?"

बायकोने स्टिकर सोललं आणि माझ्या कपाळावर चिकटवलं. "हे तुलाच लाव. आता पटकन काढ ती मान!"

"निघत नाही! गोंद लावलाय!"

"गोंद कशाला लावलास?"

"घट्ट बसावी म्हणून!"

चारही स्क्रू काढले, तरी मान हलेना. मग काय, इस्त्रीची वाफ दिली, केस वाळवायचं यंत्र लावलं, सुरीचं टोक घालून बघितलं. शेवटी बायकोने गिटार पोटाशी धरली, मी मान धरली, सासऱ्यांनी मला कमरेला धरलं आणि तिघांनी जोर लावला. तिघेही जेवणाच्या टेबलाला अख्खी प्रदक्षिणा घालून आलो. गिटार जशीच्या तशी!

तेवढ्यात बेल वाजली.

"उघडा, उघडा! खाली गाडी थांबलीय!" दाराबाहेर सासूबाई!

मी कपाळावरचं स्टिकर ओरबाडलं आणि घाईघाईने स्क्रू परत पिळले. उरलेली मान कुठे लपवायची? बायकोने मागचापुढचा विचार न करता ती माझ्या पँटमध्ये खुपसली. कमरेपासून पोटरीपर्यंत डावा पाय एकदम खांब!

"झालं का?" सासूबाईंनी आत येताच विचारलं.

"झालं!" आम्ही तिघे एका सुरात.

त्यांनी मानेवरून बोट फिरवलं. "अगबाई! किती गुळगुळीत!" आणि अशा हसल्या, अशा हसल्या, की शाळेचं पहिलं दप्तर मिळालेली पोरच जणू. खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं हो. पण तो चेहरा बघून ते आपोआप मिटलं. मनातून फार वाईट वाटत होतं. या हसऱ्या चेहऱ्याचं संध्याकाळी काय होणार, ते मला माहीत होतं.

"आणि तुमच्या पायाला काय झालं?"

"लचकला, आई."

"माझ्या गिटारपायी? अरे देवा!" त्यांनी स्वतः मला हाताला धरून जिना उतरवला.

क्लबात मला मानाने पहिल्या रांगेत बसवलं. माझा पाय वाटेत ताठ पसरलेला. येणारा-जाणारा अडखळत होता आणि उलट माझीच माफी मागत होता. शेजारी नेमके ते माउथ ऑर्गनवाले काका.

"प्लास्टर का?" त्यांनी माझ्या मांडीवर टकटक करून बघितलं. "वा! डॉक्टरने चांगलं घट्ट बसवलंय."

सासूबाई स्टेजवर आल्या. वाजवायला लागल्या. लोक ताल धरायला लागले, मी मात्र खुर्चीचे हात धरून बसलो होतो. तो उंच सूर जवळ आला. सासऱ्यांनी डोळे मिटले. बायको उठून दाराकडे निघाली, आईला सावरायला. सासूबाईंनी बोट ठेवलं आणि...

सूर लागला! स्वच्छ, लांब, छपरापर्यंत! झर्र नाही, खर्र नाही, काही म्हणजे काही नाही! तो सूर संपेचना आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. (नंतर दुरुस्तीवाल्याने सांगितलं, जाड तारांनी पुढे ओढून धरल्यामुळे मागे वाकलेली मान बरीच सरळ झाली होती. हे मी ठरवून केलं होतं असं मी त्याला सांगितलं.)

टाळ्या थांबेनात. सासूबाईंनी माइक ओढला. "हे माझं नाही, माझ्या जावयाचं यश आहे. स्वतःचा पाय मोडून घेतला, पण माझ्या गिटारला नवी मान बसवून दिली! असा जावई सगळ्यांना मिळो. या जावईबापू, वर या!"

आयुष्यभर ज्या शब्दांची वाट बघितली, ते आले ते असे! सगळं सभागृह उभं राहिलं. मी एक पाय ओढत पायऱ्या चढलो. टाळ्यांचा कडकडाट वाढला. शेवटच्या पायरीवर पट्टा सैल झाला आणि पँटच्या पायातून मान सरकली. 'खडाड्!' सासूबाईंच्या पायाशी!

सासूबाई वाकल्या. मान उचलली. मी मनात सामान बांधायला घेतलं.

"अय्या! माझी जुनी मान! जपून आणलीत?"

"आ... आठवण म्हणून," मी पुटपुटलो.

सासूबाईंनी ती नवीकोरी, सुतासारखी सरळ मान डोळ्यापुढे आडवी धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाल्या, "बघा, बघा तरी! किती वाकडी आहे! आणि यावर मी वाजवत होते!"

मान हातोहात फिरली. माउथ ऑर्गनवाले काका तर म्हणाले, "ही वाकडी? हा तर विळा आहे विळा! ताई, गेल्या वर्षी माशी म्हणालो, माफ करा हो." आणि सासूबाईंनी त्यांना मोठ्या मनाने माफ केलं. मागे माझी बायको तोंडात रुमाल कोंबून बसली होती.

ती मान आता सासूबाईंच्या दिवाणखान्यात भिंतीवर टांगली आहे. येईल त्या पाहुण्याला त्या ती दाखवतात. पाहुणे एक डोळा मिटून बघतात आणि हळहळतात. सगळ्यात मोठ्यांदा हळहळतो मी. परवा घरात कोणी नाही असं बघून मीही ती खाली काढली, उजेडात धरली आणि नीट निरखून बघितली.

खोटं कशाला सांगू, जराशी वाकडीच आहे हो!