वामनरावांची बोलिंग मशीन

निवृत्त वायरमन वामनरावांच्या नातीची, प्रज्ञाची, विभागाच्या क्रिकेट संघासाठी ट्रायल होती. पोरगी हाणायची जोरदार, पण वेगवान बॉल आला की डोळे गच्च मिटायची. गल्लीत तेवढ्या वेगाने टाकणारं कुणी नव्हतं. म्हणून वामनरावांनी पंपाच्या दोन जुन्या मोटरींवर स्कुटीची चाकं बसवली आणि पांढुर्ण्यातल्या आपल्या नदीकाठच्या परसात चक्क बोलिंग मशीन उभी केली.

“आबाजी, मशीनचं तोंड जरा वर नाही झालं का?” प्रज्ञाने विचारलं.

“मले शिकवतं का?” म्हणत त्यांनी फिरत्या चाकांमध्ये बॉल सोडला. तो प्रज्ञाच्या, सीताफळाच्या झाडाच्या आणि जाम नदीच्याही वरून थेट पलीकडच्या सावरगावात गेला.

एरवी कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण पोळा तोंडावर आला होता, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात. ती गोटमार. थोड्याच वेळात सावरगावचे रघुनाथराव माणसं घेऊन परसात हजर झाले. हातात बॉल होता.

“वामनराव, औंदा पांढुर्ण्यानं मशीन काढली म्हणते!”

“अजी, क्रिकेटची आहे ते!”

“मंग बॉल आमच्या आंगणात कायले आला? गोटमारीत हात चालते, मोटर नाही चालत!”

“ठाण्यात जमा करा हिले,” मागून कुणीतरी म्हणालं.

वामनराव मशीनच्या पुढे येऊन उभे राहिले. मशीन गेली की सराव गेला, आणि ट्रायलही गेल्यातच जमा.

“आमची प्रज्ञा खेळून दाखवते,” त्यांच्या पत्नी इंदूबाई पुढे होऊन म्हणाल्या.

खालच्या विटा काढून मशीनचं तोंड नीट केलं. प्रज्ञा बॅट घेऊन उभी राहिली. समोर अख्खं सावरगाव असताना डोळे मिटायची सोयच नव्हती, पांढुर्ण्याचं नाक कापलं गेलं असतं. बॉल सुसाट आला. तिने असा हाणला, की तो पुन्हा नदीपार झाला.

“उघडे होते! डोळे उघडे होते!” इंदूबाई ओरडल्या. वामनराव मटकन विटांवरच बसले. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

रघुनाथराव मात्र नदीपलीकडे बघत होते.

“मशीनचं जाऊ द्या, वामनराव. गोटमारीच्या दिवशी हे पोरगी कुठं राहते?”

“जबलपूरले. त्याच दिवशी ट्रायल आहे तिची.”

रघुनाथरावांनी सुटकेचा निःश्वास सोडला. त्यांच्या मागच्या माणसांनीही सोडला.

“जाय माय, मन लावून खेळ,” ते प्रज्ञाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “अन् वापस याची घाई करू नको.”