नाव सोडा, नंबर बोला

साताऱ्याच्या एसटी स्टँडवर कुणी "ए सतरा" अशी हाक मारली, तर आजही माझी मान वळते. बाकीचे लोक आपापल्या तिकिटावरचा सीट नंबर बघतात. सतरा हा माझा नंबर. तो मला हवालदार जगतापांनी दिला, नोकरीच्या पहिल्या दिवशी. नाव त्यांनी विचारलंच नाही. मी आपण होऊन सांगायला गेलो, तर हात वर करून त्यांनी मला थांबवलं.

"नाव सोडा, नंबर बोला."

हे वाक्य ते सगळ्यांना आदरानंच म्हणत. पुढं मात्र लगेच एकेरीवर येत.

"नंबर कुठला? मी आजच आलोय."

"मग घे. सतरा. सोळा नंबर गेल्या महिन्यात नोकरी सोडून गेला."

"मग मला सोळाच द्या की."

मी जणू मयताच्या पायातली चप्पल मागितली, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "गेलेल्याचा नंबर दुसऱ्याला देत न्हाईत. उद्या सोळानं केलेली चूक तुझ्या बोडक्यावर बसंल."

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी पलूसचा, नुकताच पदवी घेतलेला, आणि साताऱ्याजवळच्या एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात कारकून म्हणून चिकटलेला. कुणाचा ऊस कधी तोडायचा, कुठली टोळी कुठल्या फडात पाठवायची, हे आमचं खातं ठरवायचं. हंगामात शेतकऱ्याच्या मनात देवाच्या खालोखाल आमचं स्थान असे. शिव्या मात्र देवापेक्षा आम्हाला जास्त मिळत.

हवालदार जगताप लष्करातून निवृत्त होऊन आमच्या खात्यात नोंदी ठेवायला आलेले. पण लढाईच्या गोष्टी त्यांच्याकडं नव्हत्या. त्यांची सगळी नोकरी पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात गेलेली. बाकीचे निवृत्त सैनिक खंदकातल्या आठवणी काढायचे, तेव्हा हे कपाटातल्या काढायचे.

आमच्याकडंही त्यांनी एक कपाट उभं केलं होतं. त्याला तीन कप्पे. एकात माणसांची कार्डं, दुसऱ्यात शेतांची, तिसऱ्यात टोळ्यांची. शेतकऱ्याचं नाव फक्त माणसांच्या कार्डावर. शेताच्या कार्डावर नुसता त्याचा नंबर. टोळीच्या कार्डावर नुसता शेताचा नंबर. कुणाच्या फडात कुठली टोळी आहे हे बघायचं, तर तिन्ही कप्पे उघडायचे आणि नंबरावर नंबर जुळवत जायचं.

आमचे शेतकी अधिकारी मगदूमसाहेब सांगलीकडचे, शांत स्वभावाचे जैन गृहस्थ. त्यांना हा खटाटोप पटत नसे.

"हवालदार, शेताच्या कार्डावर मालकाचं नाव घालायला काय हरकत आहे? एका नजरेत कळेल."

"साहेब, एक गोष्ट एका जागी. नाव दोन जागी लिवलं, की दोन नावं हुत्यात."

हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य. आणि ते अगदीच खोटं नव्हतं. जुन्या वह्यांतून एकच माणूस शामराव, श्यामराव, शामू आणि शा. बा. पाटील असा चार ठिकाणी चार अंगांनी नांदत होता. तो सरपंच झाल्यावर ऑफिसात आला आणि इथून पुढं आपलं नाव 'श्यामरावजी' असंच लिहायचं, असं बजावून गेला. हवालदारांनी एक कार्ड काढलं, एक 'जी' वाढवला आणि कपाट बंद केलं. "झालं. आता कारखान्यात सगळीकडं ह्यो 'जी' हाय," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान सरपंचापेक्षा मोठं होतं.

या नंबरांच्या वेडाचं मूळ मी एकदा विचारलं. डबा खाताना त्यांनी ते सांगितलं, भाकरी मोडता मोडता.

"आमच्या पलटणीत डझनभर शंकर जाधव. एक वारला. तार गेली दुसऱ्याच्या घरी. बाईनं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. म्हैन्याभरानं ह्यो गडी रजेवर घरी आला, तर दार कोन उघडंना. भूत म्हनून गावानं दगडं मारली."

मला हसू आलं. तेही हसले. मग चटणीला बोट लावत म्हणाले, "आन् जिचा खरंच मेला, ती म्हैनाभर सणवार करीत हुती."



कपाटाबाहेरही हवालदार तसेच. लग्नाची पत्रिका आली आणि खाली नुसतं 'पाटील परिवार' असलं, की ते ती परत करत. "कंचं पाटील ते आधी ठरवा, मग जेवायला बोलवा." घरात काडेपेटी एकच असायची, असं ते अभिमानानं सांगत. दुसरी असली की दोन्ही सापडत नाहीत, हा त्यांचा अनुभव. एकदा साहेबांनी कार्डांवरून, विहीर नसलेल्या शेतकऱ्यांचा ऊस आधी तोडायचा, असं ठरवलं. त्यांनी विहिरीचा रकाना कोरा असलेली कार्डं बाजूला काढली. हवालदारांनी ती सगळी परत कप्प्यात लावली.

"साहेब, कोरं म्हंजे न्हाई न्हवं. कोरं म्हंजे आपल्याला ठावं न्हाई."

"अहो, विहीर असती तर लिहिली नसती का?"

"इचारलंच न्हाई, तर लिवनार कोन?"

मग मला सायकलवरून गावोगाव धाडलं. विहिरी बघत हिंडताना मी हवालदारांना मनातल्या मनात जे म्हणालो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. कोऱ्या रकान्यांपैकी निम्म्यांकडं विहिरी निघाल्या, हे मान्य करायला मला तेव्हा जड गेलं.

मगदूमसाहेबांचा मात्र एक मुद्दा रास्त होता, आणि तो ते दर हंगामाच्या सुरुवातीला मांडत. "हवालदार, या कार्डांची एक प्रत काढून ठेवू. निदान कपाटाची दुसरी किल्ली तरी करा. तुम्ही एखाद्या दिवशी आला नाहीत तर?"

"मी न आलेला दिस दाखवा, साहेब."

तसा दिवस खरंच नव्हता. किल्ली त्यांच्या कमरेला करगोट्यात बांधलेली असे. एक गोष्ट एका जागी.

आणि मग ऐन हंगामात, गाळप जोरात असताना, हवालदार आले नाहीत.

पहिल्या दिवशी आम्ही गंमत म्हणून घेतलं. दुसऱ्या दिवशी गंमत उरली नाही. टोळ्यांनी हातातले फड संपवले आणि पुढचा फड विचारायला त्या कारखान्याच्या आवारात येऊन बसल्या. बायकांनी तिथंच चुली मांडल्या. बैल गाड्यांना बांधलेलेच. आत कपाट आपल्या जागी घट्ट मिटून उभं. मगदूमसाहेबांनी डोक्यात होतं तेवढ्यावर एक टोळी शामराव पाटलांकडं धाडली. ती भलत्याच शामराव पाटलांच्या उसात घुसली. त्याचा ऊस अजून कोवळा होता. तो कोयता घेऊन ऑफिसात आला आणि साहेबांच्या समोरच्या खुर्चीत, कोयता मांडीवर ठेवून, बसून राहिला.

"सतरा," साहेब म्हणाले. त्यांच्या तोंडून हा आकडा मी पहिल्यांदाच ऐकला. "साताऱ्याला जा. किल्ली घेऊन ये. नाहीतर सुतार बोलावतो आणि कपाट फोडतो."

मी साताऱ्यात उतरलो, त्यांच्या पेठेत गेलो आणि पहिल्या पानवाल्याला हवालदार जगतापांचं घर विचारलं.

"कंचं हवालदार जगताप?"

त्या पेठेत घरटी एक निवृत्त सैनिक. हवालदार जगताप तिघं निघाले. पहिल्यांच्या घरी मी चहा घेतला, त्यांचा गुडघा कुठल्या आघाडीवर गेला ते ऐकलं, आणि मग हे ते नव्हेत असं कळलं. नंबर माहीत असता तर बरं झालं असतं, असं मनात आलं आणि माझाच मला राग आला. शेवटी नळावरच्या एका बाईनं विचारलं, "ज्येंची मंडळी हरवत्यात, त्ये का?"

मला प्रश्नच कळला नाही. तिनं बोट दाखवलं तिकडं गेलो.

दार उघडं होतं. हवालदार उंबऱ्याच्या आत पाट टाकून बसले होते, वाट अडवून. आत कॉटवर त्यांची बायको. लुगडं नीट नेसलेली, केसांना तेल, मांडीवर कापडी पिशवी. कुठंतरी जायला निघालेली.

मला बघून हवालदार उठले नाहीत. "कपाट फोडलं का?"

"अजून नाही."

त्यांनी करगोट्याची गाठ सोडली आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. "आदुगर साताऱ्यातच दुसरी करून घे. मग जा." ते हे इतक्या सहज म्हणाले की मला खोटं वाटलं.

तेवढ्यात काकू आतून म्हणाल्या, "दादा, गाडी जाईल रं."

"जात न्हाई बाय. टाइम हाय अजून," हवालदार म्हणाले.

मी इकडंतिकडं बघितलं. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"तिचा थोरला भाऊ," ते हळू आवाजात म्हणाले. "वारला, लय वर्सं झाली. आज मी दादा हाय. सकाळी दूधवाला हुतो."

गेलं वर्षभर हे चाललं होतं. शेजारच्या एक बाई दिवसभर काकूंजवळ बसत, म्हणून ते कामावर येऊ शकत. त्या बाई लेकीच्या बाळंतपणाला गावी गेल्या. त्याच दिवशी हवालदार कामावर निघायच्या गडबडीत असताना काकू घरातून निघाल्या आणि स्टँडवर वाईच्या गाडीची वाट बघत बसलेल्या सापडल्या. वाई त्यांचं माहेर. तिथं आता कुणीच नव्हतं.

"पण तुम्ही सांगत नाही त्यांना?" मी विचारलं. "की तुम्ही कोण ते?"

"पयल्यांदा सांगायचो. मी तुझा नवरा, दादा न्हवं, दादा मेला. तशी लय रडायची. दुसऱ्या दिशी परत दादा. परत सांगितलं, परत रडली. दर बारीला तिचा भाऊ नव्यानं मराय लागला. मग सोडलं. ज्या नावानं हाक मारंल, त्याला ओ द्यायची."

मी किल्ली खिशात घातली. ऑफिसात हे सांगितलं असतं तर साहेबांनी रजा दिली असती, असं काहीतरी मी पुटपुटलो. त्यावर ते म्हणाले, "लोक इचारत्यात, कशी हाय. ठावं न्हाई म्हनून किती जनांस्नी सांगू?"

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. दुसरी किल्ली मगदूमसाहेबांकडं गेली. ज्यांचा कोवळा ऊस तोडला गेला, त्या शामरावांची त्यांनी स्वतः घरी जाऊन समजूत काढली. हवालदारांची रजा त्यांनी एका शब्दानं मंजूर केली. शेजारीण परत आल्यावर हवालदार कामावर आले आणि पुढचे दोन-तीन हंगाम राहिले. लोकांना "नाव सोडा, नंबर बोला" म्हणायचं त्यांनी सोडलं नाही. मीही कुणाला काही बोललो नाही.

त्या दिवशी मी निघालो तेव्हा काकूही उठल्या. त्यांना थोपवण्यात अर्थ नव्हता. हवालदारांनी घराला कडी घातली आणि आम्ही तिघं स्टँडकडं चालू लागलो. रस्त्यात एका किल्लीवाल्याकडं थांबलो. तो कानस घासत होता तोवर काकू शेजारच्या दुकानातल्या बांगड्या बघत होत्या, आणि हवालदार काकूंकडं.

स्टँडवर माझी गाडी लागलेली होती. मी आत जाऊन बसलो. काकू खिडकीखाली आल्या. ऊन उतरलं होतं, तरी त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

"कुठं निघालास रं?"

हवालदार त्यांच्या मागं उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पण खूण वगैरे काही केली नाही.

"वाईला," मी म्हणालो. गाडीच्या पाटीवर भलतंच गाव होतं.

"मग आईला निरोप सांग. म्हनावं, दादा भेटलाय, त्येच्यासंगं हाय मी. काळजी करू नगं."

"सांगतो."

"इसरशील."

"नाही विसरत."

त्यांचा चेहरा मोकळा झाला. त्यांनी पिशवी हवालदारांच्या हातात दिली. "चल दादा, घरी जाऊ," त्या म्हणाल्या. "आता उद्या गेलो तरी चालंल."

"चल," हवालदार म्हणाले. एरवी ताठ, लांब ढांगा टाकणारा तो माणूस पिशवी सांभाळत, तिच्या पावलाला पाऊल जुळवत, हळूहळू स्टँडच्या बाहेर पडला.