सोनीचं पथ्य

धुळ्यात बंगल्यांवर 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी असते. आमच्या शेजारच्या नानांच्या फाटकावर लिहिलंय, 'मांजरीला दूध पाजाल तर याद राखा.' म्हणजे सावध राहायचं ते नानांपासून.

मी स्वतः रागीट बाई आहे, हे आधीच सांगते. पण नानांचं नाव काढलं की माझं डोकं जरा जास्तच फिरतं. मूळचे शिंदखेड्याचे, आता रिटायर. बायको, म्हणजे आमच्या अक्का, गेल्यापासून घरात ते आणि अक्कांची मांजर सोनी. या माणसानं जन्मात अंडं खाल्लेलं नाही, पण सोनीसाठी रोज कोंबडी उकडतात. नाकाला उपरणं बांधून, गॅलरीतल्या वेगळ्या शेगडीवर. मीठ नाही, हळद नाही. वास मात्र थेट माझ्या देवघरात!

"नाना, आमच्याकडे मांजरं दूधपोळीवर वाढली हो," मी एकदा म्हटलं.

"वाढतस नही, हागतस!" नाना त्यांच्या अहिराणीत गरजले. "मांजर शे ती, जवाई नही! तिले मास लागस!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भल्या घरच्या बाईशी बोलायची ही काय रीत?

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे भरीत झालं. तुरीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, लसूण-मिरचीचा ठेचा आणि कांद्याची भरपूर पात. आमच्या गल्लीत शेजारी वाटी गेल्याशिवाय भरताचा घास कोणी तोंडात घालत नाही. मी वाटी घेऊन गेले तर नाना घरी नव्हते, सोनी पायात घोटाळत होती. तिचाही वाटा हवाच, म्हणून भरतात भाकरी कुस्करून, वर तेल सोडून तिच्यापुढे ठेवली. तिनं सगळं चाटूनपुसून खाल्लं. मला केवढं कौतुक वाटलं!

दोन-तीन दिवसांत सोनीनं अंग टाकलं. हिरड्या पांढऱ्याफटक. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, कांदा-लसूण मांजरांना विषासारखा. नाना तसेच माझ्या दारात आले.

"बठ्ठा मिळीसन मारी टाकशात तिले!" त्यांनी सगळ्या गल्लीलाच धरलं.

मीही काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. "एवढ्याशा घासानं काय होतं, नाना? मायेनं दिला मी!"

नाना एकदम हळू आवाजात म्हणाले, "अक्काले बी बठ्ठा असंच सांगेत. साखरनी बिमारी व्हती तिले. कोनी बासुंदी लयेत, कोनी शिरा. इतलासा घासमा काय होस, म्हनेत. बठ्ठा मायावरीच खावाडेत. माले लाज वाटे, चांगला लोकेसले नही कसं म्हनू? मी गप बसनू."

ते गेले. मला रडू आलं आणि संतापही आला, पण तो कोणावर काढावा ते कळेना. सोनी वाचेपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही.

वाचली ती, सलाइन लावून लावून.

परवा गल्लीतल्या एका बाईनं 'मायेनं देते हो' म्हणत तिच्यापुढे गुलाबजाम धरला. मी ओट्यावरून अशी किंचाळले, की बाईच्या हातातून तो खालीच पडला. "मांजर आहे ती! मारायची आहे का तिला? मायेनं म्हणे!" माझ्या तोंडाचा पट्टा थांबेना. आवाज ऐकून नाना बाहेर आले. वाटलं, आता ते सुरू होतील. ते फाटकाला टेकून नुसते ऐकत राहिले. डोळे भरले होते.

"अजून जोरमा वरडा, ताई," ते म्हणाले. "अक्काना टायमाले कोनीच वरडनं नही."